कोकणातील घरगुती कार्यशाळेसाठी वीजपुरवठा आणि संरक्षणाची आखणी

परसात किंवा मागच्या पडवीत सुतारकामाची कार्यशाळा उभी करायचे ठरले की बहुतेकांचा हिशेब यंत्रांपासून सुरू होतो. करवत किती अश्वशक्तीची, रंधा मशीन कोणते, आणि मग त्यांना पुरेल एवढी वायर व एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा खटका. देशावरच्या काळ्या, ओलावा धरून ठेवणाऱ्या जमिनीत हा क्रम एक वेळ चालून जाईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्या कातळावर मात्र तो उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. येथे आधी जमीन पाहावी, तिच्यात अर्थिंग कितपत साधते ते मोजावे, त्यावरून संरक्षणाची उपकरणे ठरवावीत आणि यंत्रांचा विचार त्यानंतर करावा. असे का, हे पुढे आकड्यांसह मांडले आहे.

हा लेख आखणीपुरता आहे. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल घ्यावा. तरीही काय मागायचे हे मालकाला ठाऊक असले पाहिजे, कारण न मागितलेली गोष्ट सहसा बसवली जात नाही.

जमीन आणि अर्थिंग

वाडीवस्तीत महावितरणच्या खांबावरून घरात येणाऱ्या सिंगल फेज जोडणीत सर्वसाधारणपणे फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा असतात. अर्थिंग ग्राहकाने स्वतःच्या जमिनीत करायचे असते. याचा अर्थ असा की, करवतीच्या मोटरमध्ये फेजची तार घासून लोखंडी टेबलाला लागली, तर तो प्रवाह टेबलातून आपल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, तेथून जमिनीतून थेट ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जाऊन मंडल पूर्ण करतो. या वाटेत जो रोध आहे तोच आपले नशीब ठरवतो.

उदाहरण घेऊ. आपल्या अर्थिंगचा रोध १२ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा ५ ओहम धरला, तर २३० व्होल्टला १७ ने भागून साडेतेरा अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. करवतीला १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर त्याच्या दृष्टीने हा नेहमीचा भार आहे. तो कधीच पडणार नाही. एवढ्या वेळात साडेतेरा अँपिअर गुणिले १२ ओहम, म्हणजे सुमारे १६० व्होल्ट, त्या टेबलाच्या अंगावर उभे असतात आणि पावसाळ्यात ओल्या कोब्यावर अनवाणी उभा असलेला माणूस त्याला हात लावतो. अर्थिंग केलेले आहे, एमसीबी उत्तम कंपनीचा आहे, तरीही जीव जाऊ शकतो. जांभ्यात १२ ओहम हा वाईट आकडा समजू नये. सड्यावरच्या उघड्या कातळात उन्हाळ्यात याहून कितीतरी जास्त रोध मिळतो.

म्हणून आरसीसीबी ही येथे चैनीची वस्तू नाही. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतील फरक ती सतत मोजत असते आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढी गळती झाली की सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत पुरवठा तोडते. गळती १५० मिलिअँपिअर किंवा जास्त असेल तर ४० मिलिसेकंदांत तोडते. वरच्या उदाहरणातील साडेतेरा अँपिअर तर तिच्यासाठी फारच मोठी गळती आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी की आरसीसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच. दोन्ही कामे एकाच उपकरणात हवी असतील तर आरसीबीओ घ्यावा. कार्यशाळेत प्रत्येक मोठ्या यंत्राला स्वतंत्र आरसीबीओ द्यावा असे मी सुचवेन, कारण मग ग्राइंडरमध्ये गळती झाली तर फक्त ग्राइंडर बंद पडतो आणि दोष शोधायला सगळी कार्यशाळा धुंडाळावी लागत नाही.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करणे हीदेखील मोठी चूक आहे. अर्थिंग नसेल तर दोष आलेल्या यंत्राचे अंग फेजच्या दाबावर तसेच राहते आणि गळतीचा प्रवाह पहिल्यांदा वाहतो तो माणसाच्या शरीरातूनच. अर्थिंगचा खड्डा कोठे घ्यावा याचे उत्तर कोकणातल्या प्रत्येक घराच्या मागे तयार असते. मोरीचे पाणी ज्या माडाच्या आळ्यात सोडलेले असते, तेथील माती मे महिन्यातही ओली असते. आळ्याच्या कडेला, घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर अंतरावर, जागा धरावी. माती खोल असेल तर अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड उभा उतरवावा. तीन-चार फुटांवर चिरा लागला आणि पहार पुढे जाईना, तर उभ्या खड्ड्याचा हट्ट सोडावा. ओल्या पट्ट्यातून आडवा चर खणून त्यात जीआय किंवा तांब्याची पट्टी पुरावी, नाहीतर दोन-तीन रॉड एकमेकांपासून निदान रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकून एकत्र जोडावेत. विहिरीत तार सोडण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण दोष निर्माण झाल्यास विहिरीच्या पाण्यात आणि पंपाच्या पाइपावर विद्युतदाब येतो.

मीठ आणि कोळसा घालण्याची पद्धत सगळीकडे आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो मीठ वाहून नेतो आणि जे उरते ते जीआय पाइप खाऊन टाकते. त्यापेक्षा बेंटोनाइट माती किंवा तयार मिळणारे अर्थिंगचे मिश्रण वापरावे. आणि अर्थिंगचा रोध मोजायचा तो एप्रिल-मे महिन्यात. ऑगस्टमध्ये घेतलेले मोजमाप कागदावर फार सुंदर दिसते, पण त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून देण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली की अशा घरातील प्रत्येक यंत्राचे लोखंडी अंग फेजवर येते.

भाराचा हिशेब आणि घरापासूनची केबल

आता यंत्रांकडे वळू. एकटा माणूस काम करणार असेल तर सगळी यंत्रे एका वेळी चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पाट्यांवरचे आकडे नुसते बेरजेत धरू नयेत. एकाच वेळी कोणती यंत्रे चालतील हे विचारावे. दोन अश्वशक्तीची करवत सुमारे ११ अँपिअर घेते, भुसा ओढणारे एक अश्वशक्तीचे यंत्र सुमारे ६, दाब कमी झाला की आपोआप सुरू होणारा दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर ११, दिवे आणि पंखा मिळून २. ही बेरीज ३० अँपिअर होते, म्हणजे साधारण सहा-सात किलोवॉट. त्यात घराचा फ्रिज, विहिरीचा पंप आणि पाणी तापवण्याचा गीझर मिळवला तर घराचा मंजूर भार अपुरा पडणार हे उघड आहे. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आधीच करावा, आणि पुढे तीन अश्वशक्तीचे रंधा मशीन किंवा मोठी खराद घ्यायचा विचार असेल तर तीन फेजची जोडणी मागावी. केलेल्या वस्तू विकायच्या असतील, तर घरगुती जोडणीवर तो व्यवसाय कितपत चालवता येतो हे आधी महावितरणकडे विचारून घ्यावे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाखेरीज अन्य कारणासाठी केलेला वापर अनधिकृत ठरतो. गरज असेल तर मंजूर वापराचा प्रकार वेळीच बदलून घेणे हेच बरे.

मीटर घराच्या पुढच्या ओटीवर आणि कार्यशाळा मागे परसात, असे अंतर सहज तीस मीटर भरते. येथेच बहुतेकांची काटकसर अंगलट येते. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह घेते, म्हणजे ११ अँपिअरची करवत क्षणभर ५५ ते ६६ अँपिअर ओढते. तीस मीटर लांबीच्या अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत त्या क्षणी सुमारे ३० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. आपल्याकडे संध्याकाळी खांबावरच २०५ व्होल्ट असतील, तर मोटरला १७५ मिळतात. आणि मोटरचा सुरुवातीचा पीळ व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तो साठ टक्क्यांच्याही खाली येतो. मोटर गुणगुणते, फिरत नाही आणि जळते. हेच अंतर १० चौरस मिलिमीटरच्या तारेने जोडले तर घट सात-आठ व्होल्टवर येते. ६ चौरस मिलिमीटरवर काम भागू शकते, पण पैसे वाचवायची ही जागा आहे असे मला वाटत नाही.

ही केबल आर्मर्ड, म्हणजे लोखंडी तारांचे कवच असलेली, घ्यावी आणि पाऊण मीटर खोल चरात, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा चिऱ्याचे तुकडे आणि सूचनापट्टी घालून पुरावी. कातळामुळे चर जमत नसेल तर जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून गडग्याच्या कडेने, कुदळीचा मारा न पोहोचेल अशी न्यावी. माडांमधून वरून तार ओढू नये. एखादी वाळलेली झावळी किंवा नारळ पडायला वाऱ्याचीही गरज लागत नाही. केबलच्या आर्मरला दोन्ही टोकांना अर्थिंग जोडावे, आणि घराकडच्या टोकाला ४० अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी व १०० मिलिअँपिअरची, वेळ लावून पडणारी एस प्रकारची आरसीसीबी बसवावी. कार्यशाळेतल्या ३० मिलिअँपिअरच्या उपकरणांना आधी पडायला वेळ मिळावा म्हणून हा विलंब असतो. दोन्ही टोकांना साधी ३० मिलिअँपिअरची उपकरणे लावली तर आधी कोणते पडेल याचा भरवसा राहत नाही.

कार्यशाळेतील बोर्ड

दिव्यांचे मंडल यंत्रांपासून संपूर्ण वेगळे ठेवावे. करवतीचे पाते पूर्ण वेगात फिरत असताना गळती होऊन सगळे एकदम बंद झाले, तर पाते थांबेपर्यंतचे काही क्षण माणूस अंधारात फिरत्या पात्यासमोर उभा राहतो. दिवे ६ अँपिअर आणि दीड चौरस मिलिमीटरची तार, भिंतीवरचे सॉकेट दोन वेगळ्या मंडलांत १६ अँपिअर आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार, एवढे पुरते. वेल्डिंग मशीन असेल तर त्याला ३२ अँपिअर आणि ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार द्यावी व ते चालू असताना करवत लावू नये. मे महिन्यात पत्र्याखालचे तापमान चाळिशी ओलांडते आणि तार तेवढी कमी प्रवाह वाहू शकते, म्हणून अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेला २५ अँपिअरचा एमसीबी लावण्याचा मोह टाळावा.

एमसीबीचा प्रकार पाहूनच घ्यावा. बी प्रकार आपल्या क्षमतेच्या तीन ते पाच पटीला लगेच पडतो, सी पाच ते दहा पटीला आणि डी दहा ते वीस पटीला. १६ अँपिअरचा बी प्रकार करवत सुरू होतानाच पडू शकतो. सी प्रकार ८० अँपिअरपर्यंत लगेच पडत नाही, त्यामुळे मोटरसाठी तो योग्य आहे. डी प्रकार घ्यावा असे कोणी सांगितले तर सावध राहावे. लांबलचक लाइनच्या शेवटच्या खांबावरून जोडणी घेतलेल्या वाडीत शॉर्टसर्किट झाले तरी प्रवाह काहीशे अँपिअरच मिळतो, आणि १६ अँपिअरच्या डी प्रकाराला तात्काळ पडण्यासाठी ३२० अँपिअरपर्यंत लागू शकतात.

एमसीबी तारेचे रक्षण करतो, मोटरचे नाही. मोटरसाठी ओव्हरलोड रिले (जादा भार झाला की मोटर बंद करणारा भाग) असलेला डीओएल स्टार्टर, म्हणजे हिरव्या-लाल बटनांचा साधा मोटर स्टार्टर, किंवा एमपीसीबी, म्हणजे खास मोटरच्या रक्षणासाठीचा खटका, घ्यावा आणि रिले मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावावा. स्टार्टरचा दुसरा गुण माझ्या दृष्टीने त्याहून मोठा आहे: वीज गेली की त्याचा संपर्क धरून ठेवणारी कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी यंत्र हिरवे बटन दाबल्याशिवाय सुरू होत नाही. जुलै महिन्यात वीज दिवसातून अनेकदा जाते-येते. साध्या खटक्यावर चालणारी करवत अशा वेळी बंदच करायची राहून जाते, माणूस पात्यावर अडकलेली फणसाची ढलपी काढायला हात घालतो आणि नेमकी त्याच क्षणी वीज येते. ज्या यंत्राला फिरते पाते आहे त्याला स्टार्टरसारखे हे नो-व्होल्ट संरक्षण नसेल तर ते सुरूच करू नये. एमपीसीबी घेतला तर या संरक्षणासाठी त्याला अंडरव्होल्टेज कॉइल वेगळी जोडावी लागते, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे.

सर्व मुख्य खटके दोन पोलचे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे असावेत. वादळानंतर घाईने जोडलेल्या लाइनवर फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाल्याचे प्रकार घडतात, आणि अशा वेळी एक पोलचा खटका बंद केला तरी यंत्रात दाब शिल्लक राहतो. गती बदलणाऱ्या ड्राइव्हवरची खराद किंवा इन्व्हर्टर वेल्डिंग असेल तर आरसीसीबी किमान ए प्रकारची घ्यावी. एसी प्रकारची आरसीसीबी अशा यंत्रांच्या गळतीला आंधळी राहू शकते. प्रत्येक आरसीसीबीचे न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर न्यावेत. कारण नसताना पडणाऱ्या आरसीसीबीमागे बहुधा दोन मंडलांचे न्यूट्रल एकत्र आलेले असतात, आणि वैतागून तिला बायपास करण्याचा सल्ला मग कोणीतरी देतोच.

विजा, वादळे आणि जनरेटर

पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात कोकणात विजांचा जोर असतो. बोर्डाच्या प्रवेशालाच, ३० मिलिअँपिअरच्या उपकरणांच्या आधी, टाइप २ ची सर्ज संरक्षण पेटी, म्हणजे विजेमुळे तारेत आलेला क्षणिक जादा दाब जमिनीत सोडणारे उपकरण, लावावी. ग्राहकाने स्वतःच्या जमिनीत केलेल्या आपल्या प्रकारच्या अर्थिंगसाठी ती '१+१' जोडणीची हवी, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ठिणगी-फट असलेली. तिची अर्थची तार शक्य तितकी आखूड आणि सरळ असावी. वेटोळी घालून सुबक बांधलेली तार येथे निरुपयोगी ठरते. जोडीला कमी-जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा रिले लावावा. खांबावरची न्यूट्रल सैल होऊन दाब तीनशेच्या पुढे गेला की तोच यंत्रे वाचवतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हापासून लहान जनरेटर घराघरांत आले. जनरेटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोन पिना खुपसून चालवणे म्हणजे खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव धोक्यात घालणे आहे, कारण तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने ती वीज ११,००० व्होल्टपर्यंत चढवतो. त्यासाठी दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवावा. लहान जनरेटरची दोन्ही टोके बहुतेक वेळा अर्थपासून मोकळी असतात आणि तशा स्थितीत आरसीसीबीला गळती दिसत नाही, म्हणून त्याचे एक टोक न्यूट्रल ठरवून अर्थला कसे जोडायचे हे ठेकेदाराकडून करून घ्यावे.

खारी हवा

समुद्रापासून जवळ असलेल्या कार्यशाळेतला लोखंडी बोर्ड दोन पावसाळ्यांनंतर उघडून पाहावा. न्यूट्रल पट्टीच्या स्क्रूंवर हिरवा गंज चढलेला असतो, एखाद्या पाइपाच्या तोंडाशी कुंभारणीने मातीचे घर बांधलेले असते, आणि दोन टर्मिनलांच्या मध्ये पाल होरपळून चिकटलेली असणे हेही काही दुर्मीळ नाही. पाल आत शिरली ती वर उघड्या राहिलेल्या भोकातून. म्हणून आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत न येऊ देणारी, पॉलिकार्बोनेटची पेटी घ्यावी, सगळ्या केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या तोंडातून) आत घ्याव्यात आणि न वापरलेली भोके बुचांनी बंद करावीत. तारांच्या टोकांना टिनचा मुलामा असलेले लग (तार जोडायची धातूची टोके) दाबून बसवावेत आणि स्क्रू दरवर्षी पावसाळ्यानंतर पुरवठा बंद करून आवळावेत. सैल सांधा तापतो आणि सुक्या भुशाला पेट घ्यायला तेवढे पुरे होते. सॉकेट जमिनीपासून चार फूट उंचीवर, पावसाची झड न पोहोचणाऱ्या भिंतीवर असावेत.

सुरू करण्यापूर्वीची चाचणी

ठेकेदाराकडून तीन मोजमापे लिहून घ्यावीत: तारांचा इन्सुलेशन रोध, अर्थिंगचा रोध आणि प्रत्येक आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडते तो वेळ. आरसीसीबीवरचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा अवश्य दाबावे, पण त्यावरून अर्थिंग चांगले आहे असा निष्कर्ष काढू नये. ते बटन आतल्या आत एका रोधकातून कृत्रिम गळती तयार करते, त्यामुळे अर्थची तार तुटलेली असली तरी आरसीसीबी खटकन पडते. अर्थिंगची खात्री अर्थ टेस्टरनेच होते, आणि ते मोजमाप दर मे महिन्यात पुन्हा घ्यावे. मंडलांचा नकाशा, प्रत्येक तारेची जाडी आणि ही मोजमापे एका कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा, म्हणजे पुढच्या वेळी येणारा वायरमन अंदाजाने काम करणार नाही.